वाचणारी बंदूक

'टाइम क्रायसिस' हा नाम्को या जपानी कंपनीने तयार केलेला बंदुकीचा खेळ. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या मध्यावर तो खेळघरांतील नाणे टाकून चालवावयाच्या यंत्रावर आला, आणि १९९७ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन या घरगुती यंत्रासाठी त्याची आवृत्ती निघाली. त्याच वर्षी एस्पेन आर्सेथ या नॉर्वेजियन अभ्यासकाचा 'सायबरटेक्स्ट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डोळे फिरविणे आणि पाने उलटणे याहून काही अधिक श्रम केल्याशिवाय ज्या संहितेतून वाट निघत नाही, तिचे स्वरूप कसे असते, हा त्या ग्रंथाचा विषय. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु गेले काही महिने मी पहिली गोष्ट नव्याने खेळतो आहे आणि दुसरी नव्याने वाचतो आहे. त्यामुळे माझ्यापुरता तो संबंध जुळून आला आहे.

माझ्या पिढीने विद्यापीठात शिकविण्यास प्रारंभ केला तेव्हा वाचककेंद्री समीक्षेची नवलाई होती. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो हा वोल्फगांग इझरचा विचार, आणि वाचनीय व लेखनीय संहिता हा रोलाँ बार्थने १९७० मध्ये 'एस/झेड'मध्ये केलेला भेद, यांच्या आधारे आम्ही वाचकाला सहनिर्मात्याच्या आसनावर बसविले. पुढे संगणकीय संहिता आणि व्हिडिओ खेळ समीक्षेच्या कक्षेत आले, तेव्हा हा सिद्धान्त मूर्त झाला असे पुष्कळांना वाटले. खेळणारा निवड करतो, कृती करतो, त्याच्या कृतीने संहिता पुढे सरकते. वाचक जे केवळ मनात करीत होता ते हा हाताने करतो, सबब तो अधिक स्वतंत्र, अशी ही मांडणी. (आर्सेथ स्वतः इतके सोपे विधान करीत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.) मला ही मांडणी फार सैल वाटते. 'टाइम क्रायसिस'मध्ये कृती भरपूर आहे आणि स्वातंत्र्य जवळजवळ नाही. असे असूनही तेथे जे घडते ते वाचनच आहे, किंबहुना पुस्तकाच्या वाचनापेक्षाही अधिक शब्दशः अर्थाने वाचन आहे, असे मला म्हणावयाचे आहे.

खेळाची कथा सांगण्यासारखी नाही, तरी ती सांगणे भाग आहे. सर्शिया नावाच्या काल्पनिक देशात जुनी राजवट उलथून टाकण्यात आली आहे. त्या पदच्युत घराण्याचा वारस शेरुडो गारो हा राष्ट्राध्यक्षांच्या मुलीला पळवून नेऊन एका बेटावरील किल्ल्यात ठेवतो, आणि रिचर्ड मिलर नावाचा हेर तिला सोडविण्यासाठी एकटा तेथे उतरतो. शेरुडो सुऱ्या फेकतो. वाइल्ड डॉग नावाचा त्याचा भाडोत्री साथीदार अखेरीस स्वतःलाच स्फोटाने उडवून देतो आणि पुढच्या भागांत पुन्हा हजर होतो. रक्तबीजाची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पात्रांना स्वभाव नाहीत, संवाद घोषणांसारखे आहेत. कथनमीमांसेची हत्यारे परजावीत असे येथे काही नाही. या खेळाचे सारे वाङ्मयीन सामर्थ्य, हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कथेत नसून त्याच्या पेडलमध्ये आहे.

यंत्राच्या पायथ्याशी ते पेडल असते. ते दाबून धरले की नायक आडोशाबाहेर येतो. तेव्हा त्याला गोळी झाडता येते आणि त्यालाही गोळी लागू शकते. पाय उचलला की तो आडोशामागे जातो, सुरक्षित होतो आणि त्याची बंदूक पुन्हा भरली जाते. बंदुकीत गोळ्या सहाच. म्हणजे दर सहा गोळ्यांनंतर लपणे अनिवार्य. मात्र पडद्यावर एक घड्याळ उलटे चालत असते आणि ते लपलेल्यासाठी थांबत नाही. एखादा टप्पा पार केला की थोडे सेकंद वाढवून मिळतात. घड्याळ शून्यावर आले की प्राण शिल्लक असले तरी खेळ संपतो. कोणत्या वाटेने जावयाचे, कोणत्या खांबामागे उभे राहावयाचे, कोणत्या दारातून कोण येणार, हे सर्व आधीच ठरलेले आहे. नायक जणू रुळांवरून सरकत असतो. खेळणाऱ्याला 'कोठे' हा प्रश्न विचारता येत नाही. 'केव्हा' एवढाच त्याचा अधिकार. केव्हा बाहेर यावयाचे, केव्हा आत जावयाचे. छापील पानावर विरामचिन्हे लेखक देतो आणि वाचक ती पाळतो. येथे वाक्य सर्वस्वी दुसऱ्याचे आहे, पण त्यातील विराम आपण आपल्या पायाने द्यावयाचे आहेत, आणि प्रत्येक विरामाचे मोल सेकंदांत चुकते करावयाचे आहे.

इझरच्या वाचकाकडे एक स्वातंत्र्य इतके गृहीत होते की त्याचा उल्लेख करण्याची त्याला गरजच भासली नाही. पुस्तक थांबते. पानात बोट ठेवून खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या वाचकाला संहिता काही करीत नाही. संवादी म्हणून गौरविलेल्या या खेळात नेमके हेच स्वातंत्र्य काढून घेतले आहे. ज्याला आपण निष्क्रिय म्हणून हिणवीत आलो तो आरामखुर्चीतला कादंबरीवाचक या बाबतीत रिचर्ड मिलरपेक्षा कितीतरी मोकळा आहे.

मी हा खेळ प्रथम पाहिला तो टोकियोत. १९९८ साली एका अभ्यासवृत्तीच्या निमित्ताने तेथे वर्षभर राहणे झाले. ग्रंथालय बंद झाल्यावर स्थानकाकडे परतताना वाटेत एक बहुमजली खेळघर लागे. जिन्याजवळ हे यंत्र होते, आणि त्याच्या बंदुकीला खरा झटका बसे. प्रत्येक गोळीबरोबर बंदुकीचा वरचा भाग मागे सरके व तो धक्का मनगटाला जाणवे. अभ्यासवृत्तीची रक्कम बेताची असल्यामुळे एका संध्याकाळी शंभर येनची तीन नाणी, असा मी स्वतःशी नियम केला होता. तीन नाणी दहा मिनिटांत संपत. उरलेला वेळ मी इतरांचा खेळ पाहण्यात घालवी.

त्या पाहणाऱ्यांत मी एकटा नसे. टाय बांधलेला एक मध्यमवयीन गृहस्थ आठवड्यातून एकदोनदा तेथे येई, बॅग पायाशी ठेवी आणि एका नाण्यात संपूर्ण खेळ पार करी. तो आला की आसपासची मुले आपापले खेळ सोडून त्याच्यामागे उभी राहत. त्याचा खेळ पाहताना मला जे जाणवले ते आजवर विसरता आले नाही. तो काहीही निवडीत नव्हता. शत्रू दारात दिसण्याच्या आधी त्याची बंदूक त्या दारावर रोखलेली असे. पाय कधी उचलावयाचा हे त्याला पडदा पाहून ठरवावे लागत नसे. त्याला खेळ पाठ होता. आपण 'संहिता' हा शब्द लिखित मजकुरासाठी वापरतो, पण मुळात संहितापाठ म्हणजे पदे सुटी न करता सलगपणे म्हणावयाचा पाठ. त्या शब्दात कागद नव्हता, श्वास होता. त्या गृहस्थाचा खेळ या मूळ अर्थाने संहितेचा पाठ होता. प्रावीण्य वाढत गेले तसतशी त्याच्या खेळातून निवड हद्दपार झाली होती. नवशिका मात्र धडपडत, गोंधळत, अनेक निर्णय घेत होता आणि अर्ध्या मिनिटात मरत होता. स्वातंत्र्याचे मोजमाप निवडींच्या संख्येने करणाऱ्या सिद्धान्ताला या दोघांपैकी अधिक स्वतंत्र कोण, असे विचारून पाहावे.

परत येताना मी तेथून एक प्लेस्टेशन, खेळाची तबकडी आणि तिच्यासोबतची बंदूक घेऊन आलो. आता निवृत्तीनंतर घर आवरताना हे सामान पुन्हा बाहेर निघाले. जपानी यंत्र १०० व्होल्टचे, त्यामुळे एक वजनदार ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही घरात होताच, आणि जपानी पद्धतीचे चित्र दाखविण्याची सोय त्यात होती.

घरच्या आवृत्तीत काय राहिले आणि काय गेले, याचा हिशेब मी अर्थातच केला. बंदुकीचा झटका गेला. चित्र अधिक खडबडीत झाले. खांबांच्या कडा दातेरी दिसतात. पेडलऐवजी बंदुकीच्या नळीच्या बाजूंना बटणे आहेत. दुसरा कंट्रोलर जमिनीवर ठेवून त्याचे बटण पायाने दाबता येते. मी तसेच करतो, आणि तो फरशीवरून निसटू नये म्हणून त्याखाली पायपुसणे घालतो. भर पडली ती एका नव्या कथानकाची: हॉटेलात घडणारी स्वतंत्र मोहीम, जिच्यात खेळणाऱ्याच्या कामगिरीनुसार वाटा फुटतात. गंमत अशी की वाटा असलेली ही मोहीम मला मूळ खेळापेक्षा फिकी वाटते. वाट फुटते ती मी निवडली म्हणून नव्हे, मी पुरेसा जलद नव्हतो म्हणून. तिला निवड म्हणणे कठीण आहे.

सर्वांत मोठा बदल नाण्याचा. घरी पुनर्वाचन फुकट आहे. टोकियोत प्रत्येक आरंभाला किंमत होती आणि मागे उभ्या असलेल्यांची नजर होती. घरी मी एकाच संध्याकाळी पहिला टप्पा वीस वेळा खेळतो, आणि विसाव्या वेळी घड्याळाची भीती वाटत नाही. कीर्तन ऐकणे आणि कीर्तनाचे छापील पुस्तक वाचणे यांत जे अंतर आहे त्याच जातीचे हे अंतर आहे. छापील पुस्तक खोटे नसते. उलट बारकावे तेथेच दिसतात. शत्रूंच्या कपड्यांचा रंग त्यांच्या नेमाची अचूकता सुचवितो, ही संकेतव्यवस्था मला घरीच नीट उलगडली. परंतु भीती ही या संहितेची एक घटकसामग्री होती, आणि ती तबकडीवर छापता येत नाही.

आता त्या बंदुकीकडे वळतो, कारण माझ्या विधानाचा भार तिच्यावर आहे.

या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. गोळी तर नाहीच, प्रकाशही नाही. नळीच्या आत एक भिंग आणि प्रकाश टिपणारा एक घटक असतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर आपल्याला जे अखंड चित्र दिसते ते वस्तुतः कधीच अखंड नसते. इलेक्ट्रॉनांचा एक झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ उजळवितो, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. देवनागरीचे पान ज्या क्रमाने वाचावे त्याच क्रमाने. जपानी पद्धतीत सेकंदाला सुमारे साठ वेळा हा झोत वरून खाली येतो आणि एका ओळीला साधारण ६३ मायक्रोसेकंद घेतो. बंदूक टीव्हीकडे जाणाऱ्या चित्रसंकेतालाही जोडलेली असते, त्यामुळे झोत वरच्या कोपऱ्यातून केव्हा निघाला हे तिला कळते. तिच्या नळीसमोरून प्रकाश गेला की ती त्या दोन क्षणांमधील अंतर मोजते. त्या अंतरावरून यंत्र ठरविते की आपण पडद्यावर कोठे रोखले होते. बंदुकीला जागा कळत नाही. तिला वेळ कळते, आणि वेळेवरून जागा काढली जाते. माझा डोळा चित्र पाहतो, पण ती ओळीओळीने सरकणारा एकच ठिपका पाहते आणि तो आपल्यासमोर कधी येतो याची वाट बघते. याला वाचन म्हणू नये तर काय म्हणावे?

हे नेहमीच असे नव्हते. १९३६ मध्ये अमेरिकेत सीबर्ग कंपनीने 'रे-ओ-लाइट' नावाचा खेळ आणला. त्यात बंदूक प्रकाश फेकी आणि सरकत्या बदकात प्रकाश ओळखणारा घटक बसविलेला असे. १९७० च्या सुमारास निंटेंडोने विकलेल्या प्रकाशबंदुकाही अशाच होत्या. लक्ष्यात सौरघट आणि बंदुकीत दिवा. म्हणजे डोळा बदकाला होता. पुढे लक्ष्य पडद्यावर गेले आणि डोळा बंदुकीत आला. निंटेंडोच्याच 'डक हंट'मध्ये चाप ओढताच क्षणभर पडदा काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीला तो दिसला तर बदक मेले. 'टाइम क्रायसिस'ची बंदूक अधिक हुशार आहे, पण तिचे कुळ तेच. जत्रेत फुगे फोडण्याच्या बंदुकीशी तिचे केवळ रूपसाम्य आहे.

या कुळाचा एक जुना दुवा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेने उभारावयास घेतलेल्या 'सेज' या हवाई संरक्षण यंत्रणेत संगणकासमोर बसलेला सैनिक बंदुकीच्या आकाराचे असेच एक साधन पडद्यावरील ठिपक्यावर रोखी आणि 'हे विमान' असे यंत्राला सांगे. तेच तत्त्व लेखणीच्या आकारात आले तेव्हा तिला प्रकाशलेखणी म्हणू लागले. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' या आपल्या प्रणालीत तिने पडद्यावर आकृत्या काढून दाखविल्या. बंदूक आणि लेखणी ही येथे सख्खी भावंडे आहेत, आणि दोघीही लिहीत नाहीत, वाचतात. व्याकरणाच्या भाषेत त्या दर्शक सर्वनामाचे काम करतात: 'हा', 'ही', 'हे'. चाप ओढणे म्हणजे 'हा' असे म्हणणे. बाकीचे वाक्य, म्हणजे 'हा मरतो', यंत्र पूर्ण करते. ज्याला 'हा' म्हटले त्याला नाव नसते; असतो तो कपड्यांचा रंग. खेळ हिंसक आहे की नाही या चर्चेत रक्ताचे प्रमाण मोजले जाते. माझ्या मते विचार करावयाचा तो या व्याकरणाचा. नाम न उच्चारता केवळ सर्वनामाने भागवणारी भाषा रडारच्या पडद्यावर घडली आणि खेळघरात उतरली, आणि १९९१ च्या आखाती युद्धात दूरचित्रवाणीवरून लक्ष्यवेधाची चित्रे पाहिलेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला ती अपरिचित वाटली नाही. सेगाच्या १९९४ च्या 'व्हर्च्युआ कॉप'मध्ये निरपराध नागरिकही पडद्यावर येतात आणि त्यांना गोळी लागली की शिक्षा होते. तेथे 'हा' म्हणण्यापूर्वी थोडे थबकावे लागते. 'टाइम क्रायसिस' थबकण्याला जागा देत नाही. त्याचे घड्याळ हे केवळ उत्कंठेचे साधन नाही.

संशोधनाच्या निमित्ताने माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी हा खेळ दाखविला. तिने बंदूक हातात घेतली, पडद्यावर रोखली आणि विचारले, "सर, पण नेम कुठं दिसतोय?" तिला पडद्यावर सरकणारी खूण अपेक्षित होती. मी म्हटले, "खूण नाही. नळीवरून बघ." तिने डावा डोळा मिटून पाहिले, दोनतीन गोळ्या झाडल्या आणि म्हणाली, "म्हणजे मी कुठं बघतेय ते मलाच माहीत, पडद्याला नाही." हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. पडद्यावरील खूण ही वाचकाची संहितेतील प्रतिनिधी असते. वाचक कोठे आहे हे ती संहितेलाच सांगत राहते. या खेळात तसा प्रतिनिधी नाही. चाप ओढेपर्यंत संहितेला आपला पत्ता नसतो. इझरने कल्पिलेला संहितान्तर्गत वाचक येथे दिसत नाही; दिसतो तो पडद्यापासून सहा फुटांवर उभा असलेला, डोळा मिटलेला, एक पाय कंट्रोलरवर ठेवलेला खराखुरा माणूस.

याच कारणाने हा खेळ सपाट पडद्यावर चालत नाही. त्या पडद्यांवर चित्र ओळीओळीने उजळून विझत नाही. ते धरून ठेवलेले असते, आणि पडद्यावर येण्यापूर्वी त्यावर काही प्रक्रिया होऊन उशीरही झालेला असतो. झोत नाही म्हणून क्षण नाही, क्षण नाही म्हणून जागा नाही. जुनी बंदूक तेथे आंधळी होते. सपाट पडद्यावर चालणाऱ्या नव्या बंदुका आज मिळतात. त्यांपैकी काहींच्या नळीत कॅमेरा असतो आणि पडद्याभोवती आखलेल्या पांढऱ्या चौकटीवरून तो आपली दिशा ओळखतो. खेळ तोच दिसतो, गुण तेवढेच मिळतात. पण ती बंदूक काळ वाचीत नाही, चित्र पाहते. 'टाइम क्रायसिस' या नावाच्या खेळात हा फरक किरकोळ मानावा असे मला वाटत नाही.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला अशा वेळी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवल्याशिवाय राहत नाही. १९१९ मध्ये हाती घेतलेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहून पाठ निश्चित करण्याची ती पद्धत आजही आदर्श आहे, आणि खेळांच्या जतनाचे काम करणारेही नकळत तोच मार्ग चोखाळतात: तबकडीवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावयाचा, आवृत्त्या ताडावयाच्या. हे आवश्यक आहेच. पण महाभारताचा पाठ निश्चित करताना वाचणारा डोळा निश्चित करावा लागला नव्हता. तो सर्वांकडे होता. येथे डोळा संहितेचाच भाग आहे आणि तो काचेच्या एका नळीवर अवलंबून आहे. अशा नळ्यांचे टीव्ही आता तयार होत नाहीत.

माझ्या टीव्हीची नळीही थकली आहे. उजव्या वरच्या कोपऱ्यात चित्र किंचित वाकते, आणि तेथील खिडकीतून डोकावणाऱ्या सैनिकाला गोळी लागण्यासाठी त्याच्या खांद्याच्या थोडे डावीकडे रोखावे लागते. विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी या प्रतीचे वर्णन लिहून घ्यावयास घेतले, तेव्हा 'संहिता' या रकान्यात काय लिहावे असा प्रश्न तिला पडला. तबकडीचा क्रमांक लिहून झाला होता. मी म्हटले, बंदूक लिही, टीव्हीची कंपनी आणि साल लिही, आणि कोपऱ्यातला तो बाक किती आहे तेही मोजून लिही. तिने पट्टी आणली आणि काचेवर धरून मोजले. मग थोडा वेळ विचार करून तिने त्याच रकान्यात ट्रान्सफॉर्मरही लिहिला.